एडक्याचा होकार

आमच्या घरी दर रविवारी मटण होत असे. धारवाडच्या आमच्या आळीत मराठी बोलणारी घरं पुष्कळ होती, पण बहुतेक वकील-मास्तरांची आणि शाकाहारी. शेतकी सोडून कचेरीत आलेलं घर आमचं एकच. म्हणून रविवारी पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवायचं अशी आमच्याकडे पद्धत पडली होती. मसाला आत्या वाटायची आणि रश्श्यात मीठ बरोबर पडलं की नाही, हेही तीच ठरवायची. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून आत्या मांस न खाणारी होती असा समज होईल. ती खात होती.

आत्या म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि आईला जे दम्यामुळे होत नसे ते सगळं तिनं अंगावर घेतलं. अप्पा तिला अक्का म्हणत. ती त्यांना, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं, ‘तम्मा’ म्हणायची. अप्पा कोट-टोपी घालून कलेक्टर कचेरीला निघालेले असले तरी. मी त्या काळात, म्हणजे एकोणीसशे तीसच्या पुढच्या वर्षांत, हुबळीच्या कमरीपेठेत एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात उमेदवारी करत होतो आणि शनिवारच्या गाडीनं घरी येत होतो.

धाकट्या भावाला विषमज्वर झाला तेव्हा अप्पा नवस बोलले. पोरगं उठलं तर गावदेवीच्या जत्रेला एडका देईन, असा तो नवस होता. आमचं मूळ गाव अळणावरच्या पलीकडे, जंगलाला लागून. तिथली मोठी जत्रा दरसाल भरत नाही, मध्ये काही वर्षं जातात. भाऊ उठला. अप्पांनी बाजारातून एक कोकरू आणून परसात, आडाजवळ बांधलं आणि घरात सगळ्यांना सांगितलं की हे देवीचं आहे. नवसाचं जनावर विकायचं नसतं, बदलायचं नसतं आणि त्याला नाव ठेवायचं नसतं.

नाव कुणीच ठेवलं नाही. आत्या त्याच्याशी कानडीत बोलायची. घरात आम्ही मराठी बोलायचो. कानडी ही दूधवाली, भाजीवाली, शेजारीण, म्हणजे बाहेरून दाराशी येणाऱ्या माणसांची भाषा होती. एडकाही तिच्या लेखी त्यांतलाच एक असावा.

त्याला काय कळत होतं ते मी पाहिलं तेवढंच लिहितो. परसाच्या फाटकाची कडी त्याला उघडता येत असे. कडीला दोरी बांधल्यावर तो दोरी चावून आधी तोडायचा आणि मग कडी काढायचा. पोस्टमनवर तो शिंगं रोखायचा, दूधवालीवर कधी नाही. आत्या एकदा बेळगावला महिनाभर नातलगांकडे राहून आली. टांगा वळणावर असतानाच तो ओरडायला लागला आणि ती परसात आल्यावर मात्र तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. ‘रुसलाय बघ,’ आत्या म्हणाली. ती त्याच्यासमोर गेली की तो पुन्हा फिरायचा. हे बराच वेळ चाललं. आई खिडकीतून म्हणाली, ‘आमच्या घरात तुमच्यावर रुसणारं कुणी तरी आहे म्हणायचं.’

दुपारी भाकरीचे तुकडे घेऊन आत्या परसात जायची आणि विचारायची, ‘उण्तीयेन?’ म्हणजे, जेवतोस का? एडका मान दोनदा जोरानं हलवायचा, कान फडफडायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, ‘चांगली सवय लावलीस. भाकरी दिसली की हलवतो.’

‘भाकरी माझ्याकडे राहू दे आणि तू रिकाम्या हातानं विचार की.’

मी विचारलं. त्यानं मान हलवली.

‘आता खाऊ दे त्याला. पोट भरल्यावर परत विचार.’

त्यानं भाकरी खाल्ली, वर हरभऱ्याचा पाला खाल्ला. मी पुन्हा तेच विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पुढच्या शनिवार-रविवारीही मी करून पाहिलं. भूक असली तर मान हलायची, नसली तर तोंड फिरायचं. याला सवय म्हणता येत नव्हतं. प्रश्न होता आणि त्याचं उत्तर होतं.

जत्रा ठरल्याचं गावाकडून कळलं त्या रविवारी जेवताना आत्या म्हणाली, ‘तम्मा, दुसरा एडका दे. हा नको.’

‘नवसाचा बदलत नाहीत अक्का. तुला ठाऊक आहे.’

‘याला बोललेलं कळतंय.’

‘मग देवीलाही बरं वाटेल.’ अप्पा हसले. मग तिच्या ताटाकडे बोट करून म्हणाले, ‘आणि हे काय? हा रस्सा ओरपायलीस तेव्हा कुणाला काय कळत होतं ते विचारलं होतंस?’

‘नव्हतं विचारलं,’ आत्या म्हणाली. ‘तेच सांगायला लागले. ज्याच्याशी मी बोलले नाही त्याचं मी खाल्लं. चूक असेल, देव बघून घेईल. पण ज्याला रोज विचारते, जो मला हो-नाही सांगतो, त्याचं कसं खायचं? मग शेजारणीला पण खाऊ की.’

अप्पांनी हात धुतला. मला वाटलं विषय संपला. पण आत्यानं जागेवरूनच विचारलं, ‘गावात कौल घेतात ना अजून?’

ती रीत अशी होती. बळी देण्याआधी जनावराला विचारायचं. पुजारी त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर तांब्याभर पाणी ओतायचा. जनावरानं अंग झाडलं किंवा मान हलवली की तो होकार. नाही हलवली तर थांबून पुन्हा ओतायचं. तिसऱ्या खेपेलाही ते शांत उभं राहिलं तर देवीनं त्याला नाकारलं असं समजून सोडून द्यायचं. मग ते गावात मोकळं फिरणार, त्याला कुणी हात लावणार नाही. असं सुटलेलं जनावर मी पाहिलेलं नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर तेही कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं सांगत. पण रीत सगळ्यांना मान्य होती.

‘घेतात की,’ अप्पा म्हणाले.

‘त्यानं कौल दिला नाही तर सोडशील?’

‘मी कोण सोडणारा? देवीच सोडते.’

‘देवीचं देवी बघेल. तू सोडशील का?’

‘सोडीन. शब्द आहे माझा.’

दुसऱ्या दिवसापासून आत्या त्याला आंघोळ घालायला लागली. आडाचं थंड पाणी, घागरीनं, डोक्यावरून. थंडीच्या दिवसांतही. सुरुवातीला तो थरथरायचा, उड्या मारायचा. ती त्याच्या कपाळावर हात ठेवून बोलत राहायची. काही आठवड्यांनी तो नुसता डोळे मिटून उभा राहू लागला. पाणी कानांवरून निथळायचं आणि तो हलायचा नाही. हे तिनं लपूनछपून केलं नाही. अप्पा कचेरीला निघताना बघायचे.

‘अक्का, तू देवीला फसवायलीस,’ एकदा ते म्हणाले. चेष्टेच्या सुरात म्हणाले.

‘पाण्याला भिऊ नको एवढंच शिकवते. भिऊन अंग झाडलं तर तो होकार कसा? माणूस भिऊन हो म्हणाला तर तुझ्या कचेरीत चालतं?’

‘कचेरीत तसंच चालतं,’ अप्पा म्हणाले आणि दोघंही हसली. त्या हसण्यावरून मला वाटलं की अप्पांच्याही मनातून तो सुटावा असंच असणार. आत्याला तर खात्रीच होती. तिनं मला एकदा म्हटलं, ‘विचारायचं म्हणजे त्याला नाही म्हणता येतं, हे गावानं आधीच मानलंय. मी नवीन काही सांगत नाही. त्याला फक्त नीट नाही म्हणता यावं.’

जत्रेच्या तीन दिवस आधी गावाहून चुलत्याची बैलगाडी आली. आम्ही आगगाडीनं जाणार होतो, एडका बैलगाडीनं. तो गाडीत चढेना. चुलता आणि गाडीवान मागून ढकलायचे, अप्पा पुढून दावं ओढायचे, तो चारी पाय रोवून उभा. चुलत्याला त्यानं एक धडक दिली, तसा चुलता म्हणाला, ‘कचेरीतलं जनावर आहे, साहेबाच्या हुकमाशिवाय हलायचं नाही.’

आत्या दारात उभी होती. अप्पा घाम पुसत तिच्याकडे गेले.

‘अक्का, तू बोलव.’

‘शब्द दे.’

‘दिलाय की.’

‘परत दे. माझ्याकडे बघून.’

अप्पांनी तिच्याकडे बघून शब्द दिला. मी जवळच होतो. ते म्हणाले, ‘कौल नाही दिला तर दावं माझ्या हातानं काढीन.’ मग आत्या गाडीत चढून बसली आणि तिनं त्याला हाक मारली. तो आपण होऊन चढला आणि तिच्या पायाशी बसला. ती त्याच्याबरोबर गाडीनंच गेली. उन्हातान्हाचा रस्ता होता आणि तिचं वय झालेलं होतं, पण ती ऐकणार नव्हती.

गावात भाऊबंदांची सगळी घरं भरलेली होती. देवळासमोर मांडव, हलगी, नारळाच्या राशी. रीतीप्रमाणे बळीचं जनावर उपाशी ठेवतात, तसा आदल्या संध्याकाळपासून एडका उपाशी होता. आत्याला ते ठाऊक होतं आणि तिनं ते मोडलं नाही. सगळं नियमानं व्हावं, म्हणजे नंतर कुणाला बोलायला जागा राहणार नाही, असं ती म्हणाली.

सकाळी त्याला हळद-कुंकू लावलं, गळ्यात कडुलिंबाची माळ घातली आणि देवीसमोर उभं केलं. बायका डावीकडे, दोरीच्या पलीकडे. अप्पा नवसाचे मालक म्हणून दावं धरून. मी त्यांच्या मागे. पुजाऱ्यानं पहिला तांब्या ओतला.

एडक्यानं डोळे मिटले. पाणी नाकावरून खाली आलं. तो हलला नाही.

हलगी थांबली. पुजारी काही तरी पुटपुटला आणि त्यानं दुसरा तांब्या ओतला, या खेपेला कानांवर. एडका उभा. मी बायकांकडे पाहिलं. आत्या हात जोडून उभी होती, तोंडावर पदर नव्हता, आणि तिचा चेहरा मी इतका मोकळा क्वचितच पाहिला असेल.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. ‘घरात काही तरी दोष असणार.’ ‘शहरात जाऊन बाटल्यावर काय होणार?’ चुलता अप्पांच्या कानाशी येऊन म्हणाला, ‘देवीनं नाकारलं तर पोराचं काय? नवस पोराच्या जिवाचा होता ना?’ अप्पांचा चेहरा बदलला. धाकटा भाऊ आईच्या शेजारी उभा होता, तब्येतीनं आता ठणठणीत. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. ती भीती खरी होती, हे मी तेव्हाही पाहिलं आणि आजही लिहितो.

पुजाऱ्यानं तिसरा तांब्या भरला. अप्पा म्हणाले, ‘थांबा, मी प्रार्थना करतो.’ ते वाकले, एडक्याच्या मानेवर हात ठेवला आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं. पुजाऱ्यानं पाणी ओतलं, त्याच वेळी अप्पा बोलले. हलगीवाला माझ्यापेक्षा लांब होता, चुलता मागे सरला होता. मी अप्पांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर होतो. त्यांनी विचारलं, ‘उण्तीयेन?’

एडक्यानं डोळे उघडले, मान दोनदा जोरानं हलवली, कान फडफडले. पाण्याचे थेंब आमच्या सगळ्यांच्या अंगावर उडाले.

लोकांनी देवीच्या नावाचा गजर केला. हलगी सुरू झाली. एडका अप्पांच्या हाताकडे पाहत होता. हातात भाकरी आहे का, हे तो बघत होता. पुढचं फार लवकर झालं. मला जे समजलं ते समजेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

दोरीपलीकडे आत्या तशीच हात जोडून उभी होती. तिला अप्पांचे शब्द ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण ते मान हलवणं पाण्याचं नव्हतं हे तिला दिसलं होतं. लोक पांगल्यावर ती माझ्याकडे आली.

‘कानात काय म्हणाला तो?’

मी सांगितलं. जे होतं तेच.

‘नक्की?’

‘मी जवळ होतो आत्या.’

तिनं मान डोलावली, एखाद्या कामाची माहिती मिळाल्यासारखी. मग देवळाच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. दुपारी पंगती बसल्या तेव्हा ती चुलीपाशी आली. एडक्याचं डोकं रीतीप्रमाणे नवसाच्या घराकडे आलं. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही, पण चुलीजवळून उठलीही नाही. दुसऱ्या घरच्या बायकांना तिनं भाकरी थापून दिल्या. स्वतः जेवली नाही. चुलती म्हणाली, ‘अक्का, देवीचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये.’ आत्या म्हणाली, ‘नाही म्हणण्याची सोय आहे ना अजून?’

अप्पा संध्याकाळी तिच्याशी बोलायला गेले. आई आणि मी तिथेच सामान बांधत होतो.

‘अक्का, पोरासाठी केलं.’

तिनं लुगड्याची घडी पेटीत ठेवली.

‘आणि तू काय केलंस? वर्षभर पाणी ओतून त्याला तयार केलंस. ती तरी काय देवीची रीत होती? तू एक शिकवलंस, मी एक विचारलं.’

‘मी त्याला खोटं काही विचारलं नाही,’ आत्या म्हणाली. ‘तू जेवतोस का म्हणून विचारलंस. उपाशी होता, हो म्हणाला. खरं सांगितलं त्यानं. तू ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावलंस.’

‘जनावर होतं अक्का.’

‘जनावर असतं तर तुला विचारायची गरज पडली नसती, तम्मा. तुला ठाऊक होतं त्याला कळतं म्हणून. आमच्या सगळ्या घरात तुझाच त्याच्यावर पुरता भरवसा होता.’

अप्पा बाहेर गेले. आई पेटीचा पट्टा ओढत राहिली.

धारवाडला परतल्यावर आत्या पूर्वीसारखीच सगळं करत होती. फरक दोन झाले. रविवारी ती मसाला वाटायची, पण स्वतःसाठी वेगळं पिठलं टाकायची. आणि अप्पांशी कामापुरतं बोलायची. अप्पांनी कचेरीतली एखादी गंमत सांगितली की ती ऐकून घ्यायची आणि उठून जायची. त्यांनी दिलेल्या शब्दावर ती आता काही ठरवत नसे. पुढे एकदा तिच्या सासरच्या, बेळगावच्या घराबद्दल त्यांनी तिला काही आश्वासन दिलं तेव्हा तिनं आईला साक्षीला मध्ये बसवलं. अप्पांना ते लागलं. त्यांनी मला विचारलं, ‘एका एडक्यासाठी?’ मी म्हटलं, ‘मला नाही वाटत तिच्या लेखी तो एडका होता.’ ते म्हणाले, ‘मग काय, भाऊ होता?’ तिला दोघांपैकी एकानं फसवलं होतं आणि तो एडका नव्हता.

त्या वर्षाच्या शेवटी अप्पांनी दुसरं कोकरू आणलं. नवसाचं नाही, कुणाचंच नाही. ‘तुझं आहे अक्का,’ ते म्हणाले. ‘याला कुणी हात लावणार नाही.’ तिनं ते परत दिलं नाही. आडाजवळ बांधलं, पाला घातला, पाणी ठेवलं. पण त्याच्याशी ती एक शब्द बोलली नाही, आणि आम्हांला सांगून ठेवलं की कुणी बोलायचं नाही.

‘काही शिकवू नका त्याला. कानडी नको, मराठी नको. हाक पण मारू नका.’

‘का गं?’ धाकट्या भावानं विचारलं.

‘याला काही कळतं हे कुणाला कळायला नको.’

ते वाढलं, चांगलं दणकट झालं. फाटकाकडे बघायचं, आमच्या तोंडाकडे बघायचं. आम्ही परसात बोलत असलो आणि त्यानं कान टवकारले की आम्ही आवाज खाली आणायचो; घरात तशी शिस्तच पडून गेली. आत्या त्याच्यापुढे भाकरी ठेवायची आणि मुकाट्यानं मागे फिरायची.

एका रविवारी सकाळी मी आडाच्या कट्ट्यामागे बसून दात घासत होतो. अप्पा परसात आले. त्यांना वाटलं तिथे दुसरं कुणी नाही. ते एडक्यासमोर उकिडवे बसले, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि हळू आवाजात त्याच्याशी काही तरी बोलू लागले. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही. एडका कान पुढे करून ऐकत होता.

आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं खुंटीचं दावं सोडलं, एडक्याला घराच्या पलीकडच्या बाजूला नेलं आणि तिथे बांधलं. अप्पा उठले, धोतर झटकलं आणि मला पाहून म्हणाले, ‘पाणी काढून झालं असलं तर पोहरा दे इकडे.’